भोगी, संक्रांत, कर : ऐरोली-खारघरचे पाच दिवस

सोमवार, १२ जानेवारी २०२६

कराडहून पहाटेची एसटी धरली. ह्यांच्या तपासणीसाठी दर चार महिन्यांनी खारघरला यावं लागतं. दोन वर्षांपूर्वी जिभेचा कॅन्सर निघाला, उजव्या बाजूची जीभ काढली, मग रेडिएशन झालं. आता हे बोलतात ते मला कळतं, घरातल्यांना निम्मं कळतं, बाहेरच्याला जवळजवळ काहीच नाही. म्हणून शर्टाच्या खिशात एक छोटी वही आणि पेन कायम असतं.

ज्याला नीट बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसावं, कळतही नसावं, असं लोक धरूनच चालतात. या दोन वर्षांत हे मी फार पाहिलं. आजही कंडक्टरने ह्यांच्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायला सुरुवात केली. ह्यांनी वहीत ‘दोन, नेरुळ’ असं लिहून पुढे धरलं. जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं नोंदी लिहिलेला हात आहे तो, अक्षर अजून मोत्यासारखं. कंडक्टरने अक्षराकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने तिकीट फाडलं.

दुपारी नेरुळच्या एलपी थांब्यावर उतरलो. दाजी घ्यायला आले होते. आमच्या धाकट्या नणंदेचं घर ऐरोलीला आहे, प्रत्येक खेपेला मुक्काम तिथेच. रस्त्याने प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या, १५ तारखेला महापालिकेचं मतदान. कुणाच्या तरी भोंग्यावर ‘आपला माणूस’ हे दोन शब्द इतक्या वेळा आले की घणसोलीपर्यंत ते डोक्यात बसले.

रात्री भाची कामावरून आली. माइंडस्पेसमध्ये नोकरी करते, घरापासून दहा मिनिटांवर. ताटावर बसल्यावर म्हणाली, ‘‘मामी, आमच्या टीममध्ये त्रिपुराचा एक मुलगा आहे. डिसेंबरच्या शेवटी दोन दिवस तो आलाच नाही. आला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.’’

का आला नाही, ते तिने सांगितलं तेव्हा मला पेपरातली बातमी आठवली. देहरादूनला एमबीए शिकणारा त्रिपुराचा चोवीस वर्षांचा मुलगा. ९ डिसेंबरला बाजारात त्याच्यावर आणि धाकट्या भावावर हल्ला झाला, चाकू लागला, सतरा दिवस तो दवाखान्यात होता आणि २६ तारखेला गेला. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे सुरुवात चेहऱ्यावरून चिडवण्याने झाली आणि तो सांगत होता की आम्ही चिनी नाही, भारतीय आहोत. पोलिसांचं म्हणणं वेगळं होतं, वंशावरून काही घडल्याचा पुरावा नाही असं. खरंखोटं कोर्टात ठरेल. पण आपल्याच देशात, आपल्याच बाजारात, एका पोराला आपण कुठल्या देशाचे ते सांगावं लागलं, या एका गोष्टीने माझा घास अडकला. आपला देश म्हणून आपण ज्याच्यावर जीव टाकतो तो कुणाकुणाला दारातच ओळख विचारतो?

नणंद म्हणाली, ‘‘जेवताना असलं नको गं.’’ विषय तिथेच थांबला.

मंगळवार, १३ जानेवारी, भोगी

नणंदेने पहाटेच भोगीची भाजी टाकली होती. वांगं, घेवडा, पावटा, ओला हरभरा, गाजर, वरून तिळाचं कूट. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. ह्यांच्यासाठी भाजी मिक्सरमधून काढली आणि त्यात लोणी घातलं. तिखट काहीच चालत नाही, तरी वास घेऊन चेहरा उजळला.

ठाणे-नेरुळ गाडीने नेरुळ आणि तिथे पनवेलची गाडी पकडली. कॅन्सरच्या पेशंटला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, आमच्याकडे कागद आहे. डब्यात सीएसएमटीकडून आलेली गर्दी होती. खिडकीशी एक वयस्कर बाई बसलेल्या, गळ्याभोवती लोकरीचा स्कार्फ, नाकातून गेलेली नळी गालावर चिकटवलेली. शेजारी त्यांची मुलगी, तिशीतली. मुलीने फाइल छातीशी धरली होती, आम्ही सगळेच धरतो तशी.

समोरचा एक माणूस, चांगला हातीपायी धड, त्यांच्याकडे बघून म्हणाला, ‘‘आता हे चायनावाले पण आपल्या डब्यात.’’ दुसऱ्याने विचारलं, ‘‘ए, पेपर आहे का? पासपोर्ट?’’ आणि हसला. मुलीने केसपेपर काढून दाखवला. त्याने तो हातातही घेतला नाही. एका बाईच्या मांडीवरचा मुलगा, सहा-सात वर्षांचा, त्याने दोन बोटांनी स्वतःच्या डोळ्यांचे कोपरे ओढून दाखवले. त्याची आई हसली. लाडाने हसली. ते मला सगळ्यात लागलं. ते मूल हे शिकून आलं नव्हतं, त्याला ते त्या क्षणी, त्या हसण्याने शिकवलं गेलं.

सीवूड्स गेलं, बेलापूर गेलं. मी काही बोलले नाही. तीस वर्षं वर्गात पोरांना ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणायला लावलेली मी बाई. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची ती ओळ मला झोपेतही येते. खारघर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. ह्यांनी मात्र वही काढली, काहीतरी लिहिलं आणि त्या पासपोर्टवाल्यापुढे धरलं. त्याने वाचलं, तोंड फिरवलं. उतरल्यावर मी वही मागून घेतली. लिहिलं होतं : ‘त्यांचा आजार माझाच आहे. मलाही विचारा.’

स्टेशनबाहेर त्या दोघी रिक्षासाठी उभ्या होत्या. मी जवळ गेले, हिंदीत म्हटलं की आम्हीही तिथेच चाललोय, एकाच रिक्षात बसू. मुलीने एक क्षण माझ्याकडे नीट पाहिलं, माणूस तोलून बघतात तसं. मग आईला हात दिला.

खारघरचं टाटाचं केंद्र सेक्टर २२ मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी. नंबर लागेपर्यंत चार तास जातात, त्यात अर्धं भारतदर्शन होतं. बंगाल, बिहार, आसाम, खानदेश, केरळ. गोण्या, थर्मास, उशा. तिथे कुणाला कुणाची भाषा येत नाही आणि तरी फाइल कुठल्या खिडकीत द्यायची हे प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो. त्या चार तासांत दोघींची माहिती कळली. मायलेकी मिझोरामच्या, ऐझॉलजवळच्या गावच्या. मुलगी नर्स आहे, बिनपगारी रजा काढून आली आहे. आईच्या घशाचा कॅन्सर. वाशीला मिझोराम हाउसमध्ये उतरल्या आहेत. ‘‘आमच्याकडे हा आजार घराघरात आहे,’’ मुलगी म्हणाली. तिच्यात तक्रार नव्हती, नर्स सांगते तसं सांगत होती. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात पुरुषांमधलं देशातलं सर्वांत जास्त प्रमाण ऐझॉल जिल्ह्याचं होतं, दर लाखाला २६९.४, आणि बायकांमध्ये अरुणाचलच्या पापुम पारे जिल्ह्याचं, २१९.८. म्हणजे ज्यांना इथे यायची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच डब्यात पासपोर्ट विचारला जातो.

मी विचारलं, असं रोज होतं का? ती म्हणाली, ‘‘रोज नाही आंटी. काही दिवस कुणी जागाही देतं. पण कधी होईल ते माहीत नसतं, त्यामुळे रोज तयारीने निघावं लागतं.’’ हे तिचं वाक्य मी घरी आल्यावर लिहून ठेवलं. मग २०२० ची गोष्ट सांगितली. कोविडच्या सुरुवातीला तिची मैत्रीण दिल्लीत होती. तिला रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाक मारायचे. त्याच मार्चमध्ये दिल्लीत एका मणिपुरी मुलीवर हे म्हणत थुंकल्याची बातमी मीही वाचली होती. वाचून पान उलटलं होतं.

रात्री झोप येईना. भाचीच्या लॅपटॉपवर तिला शोधायला लावलं. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याची केसांवरून, दिसण्यावरून दुकानात टिंगल झाली, त्याने रागाने काच फोडली, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर केंद्राने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी जुलैत अहवाल आला. त्यात भारतीय दंड संहितेत दोन नवी कलमं सुचवली होती, १५३ क आणि ५०९ अ. दुसरं कलम वंशावरून अपमान करणाऱ्या शब्दासाठी, हावभावासाठी, कृतीसाठी होतं. शब्दासाठी. डोळ्यांचे कोपरे ओढण्यासाठी. ती कलमं कायद्यात आली नाहीत. पुढे १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात १०३ व्या कलमाचं दुसरं पोटकलम आहे : पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. चांगलं आहे, असायलाच हवं. पण त्याची मोजणी प्रेत पडल्यावर सुरू होते. समितीने ती शब्दापासून सुरू करा म्हणून सांगितलं होतं.

भाची म्हणाली, ‘‘मिझो लोक अनुसूचित जमातीत येतात ना, मग ॲट्रॉसिटी लागेल की.’’ लागेल. १९८९ चा कायदा आहेच, जाहीर अपमानाला लागू होतो. पण नाकात नळी घातलेल्या आईला घेऊन कुठली मुलगी, कुठल्या परक्या गावच्या ठाण्यात जाऊन बसणार आहे?

लॅपटॉप मिटला आणि मग मला जे इतकी वर्षं आठवायचं नव्हतं ते आठवलं.

२०१२ साली आम्ही पुण्यात, धनकवडीत होतो. वरची खोली मणिपूरच्या दोन कॉलेजच्या मुलींना दिली होती. मी त्यांना ‘मोठी’ आणि ‘धाकटी’ म्हणायचे. नावं अवघड वाटायची. त्या सुकवलेल्या मासळीची काहीतरी भाजी करायच्या, जिन्यात वास यायचा, शेजारणी बोलायच्या. मी एकदा वर जाऊन सांगितलं, इथे हे शिजवायचं नाही. त्या दिवसापासून वास बंद झाला. फोनवर बहिणीशी बोलताना मी त्यांचा उल्लेख ‘त्या चिंक्या’ असा करायचे. मनात वाईट नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. ऑगस्टमध्ये आसामच्या दंगलीनंतर अफवा पसरल्या. पुण्यात ईशान्येच्या काही विद्यार्थ्यांना मारहाण झाली, बंगळुरूहून तर हजारो लोक गुवाहाटीच्या गाड्या भरून गेले. एका सकाळी वरची खोली मोकळी. खिडकीत किल्ली आणि एका पाकिटात महिन्याचं भाडं, लाइटबिलाच्या सुट्या पैशांसकट. मी ते पैसे मोजले. बरोबर होते.

आदल्या रात्री जिन्यात बॅगा ओढल्याचा आवाज मी ऐकला होता. उठून दार उघडलं असतं, ‘कुठे जाता पोरींनो, इथेच राहा, आम्ही आहोत’ एवढं म्हटलं असतं, तर त्या राहिल्या असत्या की नाही, सांगता येत नाही. मी उठले नाही एवढं खरं.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

रिपोर्ट चांगला आला. नवीन काही नाही, चार महिन्यांनी या. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला सांगितली, जेवढी आहे तेवढी ह्यांनी काढली आणि ते म्हणाले, छान. बाहेर येऊन आम्ही दोघं बाकावर पाच मिनिटं नुसते बसलो.

मायलेकी रेडिएशनच्या रांगेत होत्या. मी सकाळी स्टीलच्या डब्यात तिळाच्या वड्या घेऊन आले होते. मुलीला सांगितलं, आज आमच्याकडे हे द्यायचं आणि म्हणायचं, तीळगूळ घ्या, गोड बोला. तिने आईला मिझोत समजावलं. आईंनी माझ्या हातातून वडी घेतली आणि मग मलाच कळलं मी काय केलंय. त्यांना गिळता येत नाही. नळीवर आहेत. मी ओशाळले, म्हणाले, राहू दे. त्यांनी मान हलवली. वडी नाकाशी नेऊन वास घेतला, पदराखालून रुमाल काढतात तसा त्यांच्या विणलेल्या पिशवीतून रुमाल काढला, त्यात ती नीट गुंडाळली आणि पिशवीत तळाशी ठेवली. ह्यांनाही वडी चावता येत नाही. त्यांनी आपली वडी खिशात ठेवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी डबा मुलीकडे दिला आणि पाण्याच्या नळाकडे गेले.

संध्याकाळी नणंदेकडे हळदीकुंकू. बिल्डिंगमधल्या वीसेक बायका, काळ्या साड्या, वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या. बोलता बोलता एकजण म्हणाली, ‘‘खालच्या पार्लरमध्ये दोन चिंक्या आल्यात, हात काय छान आहे गं त्यांचा.’’ कौतुकानेच म्हणाली. मी हातातली अत्तरदाणी ठेवली आणि म्हणाले, ‘‘ताई, त्या मुलींना नाव असेल. तो शब्द नका वापरू.’’

खोली गप्प झाली. ती बाई म्हणाली, ‘‘अहो, मी वाईट अर्थाने नाही म्हटलं.’’ मी म्हणाले, ‘‘मीही नव्हते म्हणत वाईट अर्थाने.’’ आणखी काय सांगणार होते तिला? पुण्याची गोष्ट वीस जणींत सांगायचं बळ नव्हतं. मग कुणीतरी उखाण्याचा विषय काढला. सगळ्या गेल्यावर नणंद स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवत होती. ‘‘वहिनी, वर्षाचा सण, माझ्या घरी आलेल्या बायका. आणि आज तर गोड बोलायचा दिवस.’’ तिचं चुकत नव्हतं, तिला राहायचंय त्या बिल्डिंगमध्ये. पण मला तरी वाटतं, गोड बोला म्हणजे गप्प बसा असं नसावं.

नऊ वाजता दाजी म्हणाले, चला, जरा पाय मोकळे करू. सेक्टर १५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक आहे, महापालिकेने बांधलेलं. आत ग्रंथालय आहे, बाबासाहेबांच्या आयुष्यातली छायाचित्रं आहेत. मागच्या खेपेला दिवसा आत जाऊन पाहिलं होतं. आज बाहेरूनच. घुमटावर दिवे होते. रस्त्यात निळ्या झेंड्याची एक टेंपो उभी होती, काही तरुण घोषणा देऊन आता चहा पीत होते. दाजी म्हणाले, ‘‘आज नामांतर दिन.’’ मला संक्रांतीच्या गडबडीत आठवलंच नव्हतं. १४ जानेवारी १९९४, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तो दिवस.

दाजी नांदेड जिल्ह्यातले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत गावाबद्दल त्यांनी फार काही सांगितलेलं मला आठवत नाही. आज सांगितलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जाळली, विहिरी नासवल्या, माणसं मारली. त्यांच्याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारलं. दाजी तेव्हा बारा वर्षांचे. ‘‘आमच्या गावातून संध्याकाळी धूर दिसला, वस्तीच्या बाजूला. माझा वर्गमित्र तिकडे राहायचा. मी दाराकडे गेलो तर वडिलांनी मला आत ओढलं आणि कडी लावली. आम्ही कुणाला मारलं नाही वहिनी. आम्ही फक्त कडी लावली.’’

नंतर सोळा वर्षं एका नावासाठी गेली. त्या मित्राचं पुढे काय झालं, मी विचारलं. दाजींनी घुमटाकडे पाहिलं. ‘‘ते कुटुंब गावात परत आलं नाही.’’

हे आमच्या मागे दोन पावलं चालत होते. त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. तसेच तिघं घरी आलो.

गुरुवार, १५ जानेवारी, कर

आजच निघणार होतो, पण नणंदेने हात धरला. किंक्रांतीला, करीला कुणी प्रवासाला निघतं का? रुसवा रात्रीत गेला होता. सकाळी ती आणि दाजी मतदान करून आले, बोटावर शाई. सुट्टी होती, रस्ते मोकळे. मी म्हटलं, मी वाशीला जाऊन येते. नणंद म्हणाली, ‘‘त्या तुमच्या मिझोरामच्या बायकांकडे ना? थांबा.’’ आणि तिने आईंसाठी डाळीचं पाणी थर्मासमध्ये भरून दिलं, नळीतून देता येईल असं, दोनदा गाळून. कालच्याच वाणातल्या गाळणीने.

वाशी स्टेशनबाहेर सेक्टर ३० अ मध्ये राज्याराज्यांची अतिथिगृहं ओळीने आहेत. आसाम भवन, केरळ हाउस, मिझोराम हाउस, पलीकडे मॉल. लोकलने जाता-येता शेकडो वेळा ही बाजू दिसली असेल. त्या खिडक्यांमागे आजारी माणसं महिनोन्‌महिने राहतात हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आत शिरल्यावर भाताच्या पेजेचा आणि फिनेलचा वास आला. बाल्कन्यांत पट्ट्यापट्ट्यांची विणलेली वस्त्रं वाळत होती.

आई पलंगावर टेकून बसल्या होत्या. आज जरा बरं वाटत होतं त्यांना. पुटपुटत, थांबत थांबत बोलत होत्या आणि मुलगी हिंदीत सांगत होती. गावच्या रस्त्याची गोष्ट सांगितली. तिकडे सेलिंगच्या बाजूला हायवेवर बांबूच्या टपऱ्या असतात, भाजी, फळं मांडलेली, भाव लिहिलेला आणि शेजारी पैशांचा डबा. दुकानदार नसतो, तो शेतात गेलेला असतो. घेणाऱ्याने वस्तू घ्यायची, पैसे टाकायचे, सुटे हवे असतील तर डब्यातून घ्यायचे. मुलीने फोनवर फोटो दाखवला. मी फोटोतल्या त्या डब्याकडे बघत राहिले. मला धनकवडीच्या खिडकीतलं पाकीट दिसत होतं. मासळी शिजवू न देणाऱ्या बाईचे लाइटबिलाचे सुटे पैसेसुद्धा ज्यांनी चुकते केले त्या मुली कुठल्या संस्कारातून आल्या होत्या, ते मला तेरा वर्षांनी, वाशीत कळत होतं.

मग मी विचारलं नसतानाच आईंनी १९६६ सांगितलं. मार्च महिना, त्या सात वर्षांच्या. मिझो बंडखोरांनी ठाणी ताब्यात घेतली होती आणि ५ मार्चला ऐझॉलवर विमानं आली. भारताच्या वायुदलाची विमानं, भारताच्याच गावावर. गोळ्या आणि मग आग. त्यांच्या आईने पाठीवर धाकट्याला बांधलं आणि त्यांना हाताला धरून जंगलात नेलं. पुढल्या वर्षी गावं उठवून सैन्याच्या पहाऱ्यातल्या नव्या वस्त्यांत माणसं कोंडली. शांतता करार व्हायला ३० जून १९८६ उजाडावा लागला. मी इतिहास शिकवलेली बाई. १९६६ म्हटलं की ताश्कंद आणि शास्त्रीजी, एवढंच मी फळ्यावर लिहिलं. ऐझॉलचं नाव माझ्या एकाही वर्गाने ऐकलं नाही.

मी म्हटलं, राग येत नाही? मुलीने विचारायला जरा वेळ घेतला. आईंचं उत्तर लांब होतं, तिने छोटं करून सांगितलं : ‘‘ती म्हणते, राग त्या वेळी होता. आता वाईट याचं वाटतं की आपण याच देशाचे झालो, मुलं फौजेत गेली, आणि तरी गाडीत पासपोर्ट विचारतात.’’

याला मी काय म्हणणार? मी म्हणाले, परवा डब्यात मी गप्प बसले, मला माफ करा. मुलगी म्हणाली, ‘‘तुम्ही रिक्षात बोलावलंत ना.’’ तिने ते किती मोठ्या मनाने म्हटलं ते मला कळलं, आणि त्याने माझं ओझं हललं नाही तेही कळलं. तीन स्टेशनं होती ती.

निघताना तिने माझा स्टीलचा डबा परत दिला. जड लागला. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, त्यांच्याकडेही नसावेत करत. ‘‘का लोम ए,’’ आईंनी म्हटलं. मुलगी म्हणाली, आमच्यात आभार असे मानतात. मी ते दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा आई हसल्या, म्हणजे जरा बरं जमलं असावं.

परतीच्या गाडीत समोर दोन उत्तरेकडचे तरुण बसले होते, हातात रंगाचे डबे, पायाला सिमेंट. शेजारच्याने त्यांना ‘ए भय्या, सरक’ म्हटलं आणि ते सरकले. सवयीने, मान वर न करता. २००८ च्या ऑक्टोबरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या असल्याच पोरांना मुंबई-कल्याणच्या बाजूला मारहाण झाली होती. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये ‘बरं झालं’ म्हणणारेही होते. आणि २०१८ च्या १ जुलैला धुळ्याच्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते तर कुठून दुरून आलेले नव्हते, मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. त्यांचे कपडे, त्यांची झोळी हाच पुरावा. चेहरा नाही तर कपडे, कपडे नाहीत तर आडनाव, आडनाव नाही तर बोली. तुर्भ्याला ते दोघे उतरले. त्यातल्या एकाच्या पिशवीत प्लास्टिकच्या डबीत तिळाचे लाडू होते.

शुक्रवार, १६ जानेवारी

दाजींनी नेरुळपर्यंत सोडलं. नणंदेने गळ्यात पडून सांगितलं, पुढच्या खेपेला त्या पोरीला जेवायला घेऊन या. भाची काल ऑफिसच्या त्या मुलाला मेसेज करायचा म्हणून बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पाठवला एवढं सांगितलं तिने.

घाटात ह्यांनी डबा उघडायला खूण केली. आत वाळवलेल्या बारीक लाल मिरच्या, मिझोरामच्या, आणि आल्याचे तुकडे, कागदात वेगवेगळे बांधलेले. झाकण काढताच मला ठसका लागला, मागच्या सीटवरचे दोघं शिंकले. ह्यांना तिखट कायमचं बंद आहे, तरी त्यांनी डबा नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

मग मी ह्यांना ते सांगितलं. बॅगा ओढल्याचा आवाज मी जागेपणी ऐकला होता, हे तेरा वर्षांत पहिल्यांदा. हे बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. मी म्हणाले, मणिपुरात ३ मे २०२३ ला सुरू झालेल्या हिंसाचारात दोनशेहून जास्त माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास लोक घरांतून उठले, तिथले दोन समाज, मैतेई एकीकडे आणि कुकी एकीकडे. आपल्या त्या दोघी कोण होत्या, एकाच खोलीत राहायच्या, आता कुठे असतील, जिवंत तरी असतील का. मला तर त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत.

ह्यांनी खिशातून वही काढली. गाडी हलत होती म्हणून गुडघ्यावर टेकवून, सावकाश, नोंदवहीत लिहायचे तशा अक्षरात दोन ओळी लिहिल्या. भाडेकरार ह्यांनीच केला होता. दोन्ही मुलींची नावं होती ती, आडनावांसकट.

मी मोठ्याने वाचली. दुसरं नाव माझ्याकडून चुकलं. ह्यांनी मान हलवली आणि उरलेल्या जिभेने स्वतः म्हणून दाखवलं. मी परत म्हटलं, त्यांनी परत मान हलवली. खंडाळ्यापर्यंत तेच चाललं होतं.